भागोजी उतेकर अ‍ॅमस्टरडॅमला जेवत नाही

उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या भागोजी उतेकरने पाणी घेतलं की लग्न ठरलं, असं त्या भागात गेली चाळीस वर्षं चालत आलंय. नारळ, टिळा, सुपारी हे सगळं नंतरचं. मुलाकडची माणसं स्थळ बघायला निघाली की जीपमध्ये पुढच्या सीटवर भागोजी हवाच. मुलीच्या घरी तो ओटीवर भिंतीला टेकून बसायचा. पुढ्यात पाण्याचा तांब्या यायचा, पोहे यायचे, चहा यायचा, आणि हा बाबा कशालाही हात लावायचा नाही. बोलणी व्हायची, मुलगी येऊन जायची, मुलीच्या मामाची चौकशी व्हायची. सगळं मनासारखं झालं की भागोजी तांब्या उचलून गटागटा प्यायचा, आणि माजघरातल्या बायका हुश्श करायच्या. नाही पटलं तर "येतो" म्हणून चपला घालायचा. त्यावर पुन्हा कुणी काही विचारायचं नाही.

एकदा दासगावात हुंड्याच्या बोलण्यावरून घोडं अडलं तेव्हा तो नऊ तास तसाच बसून राहिला. पुढ्यातल्या चहावर साय धरली, मग त्यात माशी पडली. तुडीलला तर त्याला उचकी लागली. मुलीची आई तांब्या घेऊन समोर उभी, "घोटभर घ्या हो, माणूस जाईल अशानं!" पण मुलाच्या नोकरीचं अजून बोलणं व्हायचं होतं. चार तास उचक्या देत देतच त्याने ते बोलणं पुरं केलं आणि मग पाणी प्याला. त्या जोडप्याच्या थोरल्या मुलाचं आता लग्नाचं वय झालंय, आणि तिथेही भागोजीलाच बोलावणार आहेत.

कुणीतरी एकदा त्याला म्हणालं, "मुलीच्या घरचं नको तर शेजारच्या घरचं प्या की." भागोजी भडकला. "शेजारचं घर कुणाचं? चुलत्याचं. त्याच्या पलीकडचं? चुलत चुलत्याचं. अख्खी वाडी एकच भावकी! गावात कुठंही प्यालो तरी मुलीकडचंच झालं ना रे?" म्हणून गावाच्या शिवेबाहेर, ओढ्याच्या काठी, घरून आणलेली भाकरी खायची आणि मगच शीव ओलांडायची, हा त्याचा रिवाज. सोबतच्या बायका मात्र मुलीच्या घरी पोटभर खायच्या. त्यांच्या खाण्याला कुणी जमेतच धरत नव्हतं. भागोजीची बायको गोदूबाई अशी शंभरेक घरांचे पोहे खाऊन आलेली बाई, आणि कुठल्या गावच्या पोह्यांत मीठ कमी होतं हे अजून सांगते.

आता या भागोजीचं घर पाच खोल्यांचं आणि राहणारी माणसं दोन. थोरला राजेश मुंबईत, गणपतीला येतो आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पळतो. भागोजीची सगळी भिस्त धाकट्या यशराजवर. यशराज शिकला, महाडच्या एमआयडीसीत लागला, तेव्हा भागोजीने मागच्या अंगाला त्याच्यासाठी नवी खोली बांधली, आतच संडास-बाथरूम असलेली. वाडीत तशी ती एकच. पोरगा त्या खोलीत सात महिने राहिला. मग पुण्याला गेला, पुण्याहून कंपनीने हॉलंडला नेला, आणि खोलीत आता कांदे पसरलेले असतात. भागोजी रोज सकाळी जाऊन त्या बाथरूमचा नळ सोडून बघतो, गंजायला नको म्हणून.

असं असताना एक दिवस यशराजचा व्हिडिओ कॉल आला. "आबा, एक मुलगी हाय. फेमके नाव. इथलीच."

भागोजीने मनात लगेच हिशेब केला. तिथली मुलगी म्हणजे पोरगा गेलाच की कायमचा. पण चाळीस वर्षांचा मुरलेला माणूस, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. म्हणाला, "स्थळ बघितल्याबिगर मी काय बोलू? यावं लागेल."

यशराजला वाटलं आबा पाघळले. कसले पाघळतात! भागोजीचा बेत ठरलेला होता. जायचं, बघायचं, पाच दिवस काही न खाता बसायचं आणि "येतो" म्हणून उठायचं. मग पोरगा काय करणार? आबाने पाणी घेतलं नाही म्हणजे लग्न नाही. लग्न नाही तर तिथे राहायचं कशाला? येईल परत. हे सगळं त्याने गोदूबाईला शेतावर जाता जाता सांगितलं.

"आणि तुम्ही पाच दिवस खाणार काय?" गोदूबाईने विचारलं.

"भाकऱ्या घेऊन जाऊ. चाळीस."

चाळीस नाही, छत्तीस झाल्या. तांदळाच्या, चांगल्या कडक भाजलेल्या. जोडीला सुकटीची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, आणि पाच लिटरचा एक कॅन घरच्या विहिरीच्या पाण्याचा. सगळं एका पेटीत भरून वर दोरी आवळली. मुंबईहून मे महिन्यात विमान सुटलं. विमानातलं भागोजीने सगळं खाल्लं, पुडीतलं लोणीसुद्धा, कारण शीव अजून यायची होती. आणि ते उतरले अ‍ॅमस्टरडॅमला, पेटी गेली पोर्तुगालला. कशी गेली ते कुणालाच सांगता येईना. काउंटरवरच्या बाईने विचारलं, आत मौल्यवान काही होतं का. फोनवरून यशराज म्हणाला, छत्तीस भाकऱ्या. बाईने ते लिहून घेतलं आणि पेटी पाच दिवसांत येईल म्हणून सांगितलं.

बाहेर यशराजसोबत फेमके आणि तिचा बाप उभे होते. बाप साडेसहा फूट, नाव हेंक, बायको जाऊन आठ वर्षं झालेली, ही एकच मुलगी. एकतीस वर्षं त्याने त्या गावात पूलवाल्याची नोकरी केलेली. तिथे रस्त्यागणिक कालवा आणि कालव्यागणिक पूल. बोट आली की पूल उचलायचा, गेली की टाकायचा. फेमकेने वाकून दोघांच्या पाया पडण्याचा प्रयत्न केला आणि खांद्यावरची पिशवी भागोजीच्या टाळक्यात बसली. हेंकने फुलांचा गुच्छ दिला आणि त्यावर चीज घातलेल्या पावांचा पुडा.

भागोजीने फुलं घेतली, पुडा हात जोडून परत केला. आता या मुलीच्या बापाचा चेहरा पडणार, हे त्याला ठाऊक होतं. तांब्या न शिवता उठलं की बापांचे चेहरे कसे पडतात ते त्याने जन्मभर पाहिलेलं. पण हेंकचा चेहरा पडला नाही. उलट उजळला! पुडा काखेत मारून तो शीळ घालत पुढे चालू लागला.

"हा कसला बाप गो?" भागोजी बायकोच्या कानाशी कुजबुजला. "पाव्हणा उपाशी राह्यला तर खूश होतोय."

गोदूबाईने उत्तर दिलं नाही, कारण हेंकने पुडा तिच्यापुढे केला होता आणि तिचं तोंड भरलेलं होतं.

घरी गेल्यावर दुसरा धक्का. हेंकचं घर कालव्याला लागून, दहा फूट रुंद आणि चार मजले उंच, आणि यशराज राहत होता तो वरचा मजला त्याच घराचा. म्हणजे पोरगा आधीच मुलीच्या छपराखाली! आता चूल कुणाची? हेंकची. नळ कुणाचा? हेंकचा. म्हणजे गोदूबाईने तिथे भात टाकला तरी तो मुलीकडचा भात. उंबऱ्याच्या चार पायऱ्या खाली पाणी होतं. ते बघून त्याने विचारलं, "इथं पाणी कुठवर चढतं?" हेंकने सांगितलं, चढत नाही, आम्ही चढू देत नाही. भागोजीचा विश्वास बसेना. महाडच्या बाजारात दर पुराआधी अशा फुशारक्या मारणारे दुकानदार त्याने पुष्कळ पाहिले होते. त्याने दोघांच्या चपला उचलून कपाटावर ठेवल्या.

"आबा, निदान पाणी तरी प्या," यशराज काकुळतीला आला. "बाहेरून, दुकानातून आणून देतो."

"दुकान कुणाचं?"

"दुकानवाल्याचं!"

"तो राहतो कुठं?"

"इथंच."

"मग भावकीतलाच की."

"अहो आबा, नऊ लाख माणसं राहतात इथं! सगळी फेमकेची भावकी कशी असतील?"

"ते तू मला शिकवू नको," भागोजी म्हणाला. "गाव म्हणजे गाव."

यशराजने डोकं धरलं. पण अखेर भागोजीचंच बेणं! तो दुकानात गेला आणि एक बाटली घेऊन आला. तिच्यावरचं बारीक अक्षर दाखवत म्हणाला, "वाचा. फ्रान्सचं पाणी. फ्रान्सच्या डोंगरातलं. मुलीच्या गावचा थेंब नाय यात."

भागोजीने बाटली उलटीपालटी केली. परगावचं पाणी! म्हणजे ओढ्याकाठी बसून प्याल्यासारखंच झालं. तो अख्खी बाटली प्याला. मग काय, वाटच सापडली. केळी आली ती इक्वेडोर नावाच्या देशातली. शेंगा अर्जेंटिनाच्या. संत्री मोरोक्कोची. दुकानात प्रत्येक फळाला चिठ्ठी, आणि भागोजी चष्मा लावून यशराजकडून प्रत्येक चिठ्ठी वाचून घेणार. टोमॅटोवर हॉलंड निघालं तर विंचू चावल्यासारखा परत टाकणार. दुकानातली मुलगी हेंकला म्हणाली, तुमचे पाहुणे फार चोखंदळ आहेत. हेंक म्हणाला, हो ना! आणि पुन्हा उजळला.

दुसऱ्या दिवशी हेंकने आपली लहानशी बोट काढली आणि सगळ्यांना गावभर फिरवलं. पुढे साडेसहा फुटी हेंक, मागे पाच फूट दोन इंची भागोजी, हातात केळी. दोन्ही बाजूंची घरं पुढे झुकलेली. प्रत्येक घराच्या माथ्याला एक लोखंडी आकडा. तो कशाला, तर जिने इतके चिंचोळे की कपाट, पलंग दोराने उचलून खिडकीतून आत घ्यायचा. हे भागोजीला मनापासून पटलं. "महाडात प्रत्येक दुकानाला असा आकडा पायजे," तो म्हणाला. "पाणी आलं की गल्ला वर." कालव्याच्या तळाशी हजारो सायकली पडलेल्या असतात, हेही हेंकने सांगितलं. का पडतात, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पण हे सगळं बघताना काठावर जिकडे तिकडे खाणंच. हेंकचा नेम असा, की गाडी दिसली की बोट लावायची आणि पाहुण्याला विचारायचं. एका गाडीवर कच्चा मासा, कांदा लावून. शेपटीला धरायचा, मान मागे टाकायची आणि घशात सोडायचा. हेंकने भागोजीपुढे धरला. भागोजीने मान हलवली. हेंक खूश. गोदूबाईने मासा घेतला, पदराने शेपटी पुसली आणि एका दमात आत.

"कच्चा हाय गो तो!"

"कच्चा हाय म्हणून काय झालं? ताजा हाय." तिने दुसरा मागितला.

मग मधे पाक घातलेली जाळीदार बिस्किटं. मग शंकूच्या पुड्यात बटाट्याच्या काड्या, वर पांढरी साय ओतलेली. मग चीजचं दुकान, जिथे जात्याएवढी पिवळी चाकं मांडलेली आणि प्रत्येकाचा तुकडा चाखायला फुकट. गोदूबाईने अठरा प्रकार चाखले आणि सातवा चांगला असल्याचा निकाल दिला. भागोजी दारात उभा राहून नाकाने श्वास घेत होता. फुकटचं होतं ते सगळं, फुकटचं! शेवटी त्याला ते सहन होईना.

"जरा कमी खा की. लोकं काय म्हणतील?"

"माझ्या खाण्याला कोण धरतो?" गोदूबाई म्हणाली. "चाळीस वर्षांत माझ्या खाण्यानं एक तरी लगीन ठरलंय का? मग मी कशाला उपाशी मरू?"

भागोजीने नवं केळं सोललं. एवढ्यात त्याच्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट म्हणजे गोदूबाई आणि फेमके यांचं मेतकूट जमलं होतं. दोघी एका बाकावर बसून मोबाइलमध्ये तोंड घालायच्या. ही मराठीत बोलायची, ते यंत्र तिला काहीतरी सांगायचं, ती हसायची, मग ती बोलायची आणि ही पोट धरून हसायची. काय बोलता म्हणून भागोजीने विचारलं, तर गोदूबाई म्हणाली, "बायकांचं."

तिसऱ्या दिवशी चित्रांचं संग्रहालय झालं. भागोजीला वाटलं, चला, इथे तरी खाण्यातून सुटका! एक दालन ओलांडलं, दुसरं ओलांडलं, आणि तिसऱ्यात समोर भिंतभर जेवणाचं ताट. तीन-चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवलेलं. चिरलेला मासा, फोडलेला पाव, अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलावरून खाली लोंबतेय, आणि द्राक्षांवर पाण्याचे थेंब. भागोजीचे पाय तिथेच रुतले. तो अर्धा तास हलला नाही. केळ्याशेंगांवर तिसरा दिवस होता त्याचा. पहारेकरी जवळ आला, यशराजला म्हणाला, इतकं मन लावून चित्र बघणारा माणूस मी खूप दिवसांनी पाहिला, आणि त्याने स्वतःची खुर्ची आणून दिली. भागोजी बसला. पुढचं दालनही तसलंच निघालं, तिथेही खुर्ची आली.

दुपारी हेंक त्याला आपल्या जुन्या पुलावर घेऊन गेला. तिथली बाई हेंकच्याच हाताखाली शिकलेली. तिने भागोजीला काचेच्या खोलीत बसवलं आणि बोट आल्यावर बटण त्यालाच दाबू दिलं. घंटा वाजली, दांडे खाली आले, आणि भागोजी उतेकरने एक बटण दाबून शंभर सायकली, दोन बस आणि एक ट्राम थांबवली. पूल सावकाश वर गेला. भागोजी भूक विसरला. "एकतीस वर्षं हेच केलं," हेंक यशराजच्या तोंडून म्हणाला. "लोकांना थांबवायचं. सगळे घाईत असतात, शिव्या देतात, पण बोट गेल्याशिवाय पूल टाकायचा नाही."

"माझंबी कामच हाय तसं," भागोजी म्हणाला. ते ऐकून हेंक मोठ्याने हसला आणि भागोजीच्या पाठीवर असा हात मारला की उरलंसुरलं केळं बाहेर पडायचं. माणूस चांगला होता, त्यात वाद नाही. भागोजीला आता त्याला व्याही म्हणावंसं वाटायला लागलं होतं, म्हणून तो त्याच्याशी त्या दिवशी पुढे बोललाच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बोटीत पाय ठेवताना भागोजीला भोवळ आली. हेंकने वरच्या वर उचलून त्याला बाकावर ठेवलं, म्हणून कालव्यातल्या सायकलींत भर पडली नाही. यशराजचा धीर सुटला. कोपऱ्यावर एका सुरीनामच्या माणसाचं दुकान होतं, तिथे गरम रोटी, बटाट्याची भाजी. मालक भोजपुरीसारखं काहीतरी बोलत होता, त्याचे पणजोबा हिंदुस्थानातून सुरीनामला मजुरीला गेलेले. "आबा, हा तर आपलाच माणूस!" भागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने विचारलं, "तुम्ही कुठं राहता?" मालक छाती फुगवून म्हणाला, "इथंच! बापापासून इथंच." झालं. भागोजी रोटीला नमस्कार करून बाहेर पडला.

अखेर हेंकने सगळ्यांना कालव्याकाठच्या एका हॉटेलात नेलं. तिथे एकच पदार्थ मिळायचा, आणि तो आला तेव्हा भागोजीने डोळे मिटून घेतले. घावन! ताटाएवढा, कडेने कुरकुरीत, मधे सफरचंदाच्या चकत्या, वर गुळाच्या काकवीसारखं काहीतरी. हेंकने ताट स्वतःच्या हाताने भागोजीपुढे सरकवलं. भागोजीने ते दोन बोटांनी परत सरकवलं. हेंक हसला. आणि तेव्हा गोदूबाईने काटा आपटला.

"बास झालं तुमचं! मरायचंय काय परदेशात? पोरगी आपल्याकडं येतेय, पोरगा परत येतोय, आणखी काय पायजे तुम्हाला? का खात नाय?"

"कोण येतंय? कुठं?"

"महाडला! ही नदीची विंजनेर हाय ना. आपल्या सावित्रीचा पूर कसा अडवायचा त्याच्या कामावर तिला घेतलीय. दासगावचा नकाशा हाय तिच्या मोबाइलात, आपला वढा पण दाखवला मला. यशानं जुन्या कंपनीत अर्ज टाकलाय. लगीन करून आपल्याच घरात राह्यचं म्हणते ती. त्या खोलीतले कांदे कुठं हलवायचे ते पण ठरलं आमचं."

"तुला कधी कळलं?"

"परवा."

"आणि मला सांगितलं नाय?"

"मला वाटलं तुम्हाला ठाव हाय. तुम्ही ठरवणारे!"

भागोजीने यशराजकडे बघितलं. यशराज मान खाली घालून म्हणाला, "आधीच सांगितलं असतं तर तुम्ही पोरगी न बघताच विमानतळावर ते पाव खाल्ले असते, आबा. मला तसं नको होतं. तुम्ही तिला बघून हो म्हणावं असं वाटत होतं."

खरं होतं ते. भागोजीच्या अंगात एकदम बळ आलं. पोरगा येतोय! पाच खोल्यांत चार माणसं होणार, सकाळी नळ दुसरं कुणीतरी सोडणार. आणि हा मूर्ख माणूस चार दिवस स्वतःच्याच पोराच्या वाटेत केळी खात बसला होता. त्याने ताट ओढलं. काटा बाजूला टाकला. हाताने घावनाचा हा एवढा तुकडा तोडला, उचलला, आणि तोंडाशी नेता नेता समोर बघितलं.

हेंक हसत नव्हता. त्याचे दोन्ही मोठे हात टेबलावर पालथे पडले होते आणि तो त्या तुकड्याकडे बघत होता.

"याला ठाव हाय का, मी खाल्लं म्हणजे काय ते?" भागोजीने विचारलं.

फेमके हळूच काहीतरी बोलली. यशराजने सांगितलं, "तुम्ही यायच्या आधीच तिनं सांगितलं त्यांना. ते म्हणाले, जगात इतका चांगला रिवाज मी ऐकला नाही. पाहुण्याला विचारायचं तर हवंच, म्हणून रोज विचारत होते. पण तुम्ही नको म्हणालात की त्यांना वाटायचं, आजचा दिवस तरी पोरगी राहिली."

भागोजीचा हात तसाच राहिला. तांब्या तोंडाला लावला की माणसाची मान वर होते, नजर जाते आढ्याला. तांब्या खाली येईपर्यंत मुलीचा बाप उठून साखर आणायला पळालेला असायचा. शंभरावर घरं झाली, पण पाणी पिताना मुलीच्या बापाचा चेहरा कसा होतो, ते भागोजीने कधी बघितलंच नव्हतं. कुणी बघायला सांगितलंही नव्हतं. घावनाच्या तुकड्यातून काकवी त्याच्या मनगटावर ओघळत होती. भूक तर अशी लागली होती की कान वाजत होते.

हेंकने घसा साफ केला आणि यशराजला काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, पहिल्या घासालाच ठरतं, की सगळं खाऊन झाल्यावर?"

"पहिल्या घासाला," भागोजी म्हणाला. खोटं कशाला बोलायचं.

हेंकने मान हलवली. मग पुन्हा काहीतरी बोलला, अगदी हळू, आणि फेमकेने तोंडावर हात धरला.

"ते म्हणतायत, तासभर थांबाल का?"

गोदूबाई काही बोलणार होती, भागोजीने डाव्या हाताने तिला गप्प केलं. त्याने तुकडा ताटात ठेवला, हात पुसला आणि भिंतीला टेकून बसला. चाळीस वर्षांत एकाही मुलीच्या बापाने त्याच्याकडे वेळ मागितला नव्हता. मागता येतो हे कुणाला सुचलंच नसेल.

तास झाला. समोरच्या कालव्यातून बोटी गेल्या. फेमके उठून बापाशेजारी बसली, बापाने तिचा हात हातात घेतला आणि दोघं बाहेर बघत राहिली. वेटर दोनदा येऊन ताट न्यायचं का म्हणून विचारून गेला. कडेचा कुरकुरीतपणा गेला, सफरचंद काळं पडलं. भागोजीच्या पोटात गुरगुरलं ते पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं, पण तो हलला नाही.

मग हेंकने मुलीचा हात सोडला, दोन्ही डोळे मुठीने पुसले, आणि ताट भागोजीच्या बाजूला सरकवलं.

"घे," तो म्हणाला. हा एक मराठी शब्द त्याने चार दिवसांत गोदूबाईकडून उचलला होता.

"घेतो, व्याही," भागोजी म्हणाला, आणि तो गार झालेला घावन त्याने शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला, हेंकच्या तोंडावरची नजर न काढता.